बर्था टीचरच्या पडवीतली शब्दांची भावकी

देवबागात वाळू कोणी गोळा करत नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमची घरं. सकाळी खळं, म्हणजे पुढचं अंगण, कितीही लख्ख झाडा, दुपारी उंबऱ्यात वाळू आलेलीच असते. किस्स्यांचंही तसंच. आम्ही बर्था टीचरकडे इंग्रजी शिकायला जातो, किस्से जमवायला नाही. पण वर्ग सुटून घरी आलं आणि पदर झटकला, की एखादा खाली पडतोच.

बर्था टीचर म्हणजे मालवणच्या एका हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या बाई. मुलगी गोव्यात, मुलगा कॅनडात, आणि या एकट्या इथे, कोंबड्या आणि एक फळा घेऊन. दुपारी होमस्टेवाल्यांची जेवणीखाणी उरकली की त्यांच्या पडवीत आमचा वर्ग भरतो.

त्यांची पद्धत वेगळी. शब्द एकेकटा शिकवत नाहीत. "एकटा शब्द पळून जातो. त्याच्या भावकीसकट धरा," म्हणतात. म्हणजे ज्या शब्दांत तीच तीच अक्षरं आहेत, असे सगळे एका दिवशी फळ्यावर घ्यायचे. अक्षरं सारखी, स्वभाव वेगळे. हे आम्हाला लगेच कळलं. आमच्यातल्या निम्म्या लोकांची भावकीशी कोर्टात केस चालू आहे.

ऐकणारे म्हणतात, तुम्ही खूप हसत असाल. हसतो की. पण खरं सांगू? आमच्या प्रत्येक किस्स्यात आधी कोणीतरी घाबरलेलं असतं. हसू येतं ते नंतर, आणि कधी कधी येतही नाही.

*

पहिली घाबरले ती मीच.

तेव्हा आमचा होमस्टे नवा होता. गोव्याहून मोटरसायकलवर एक परदेशी जोडपं आलं. नवरा माझा मासे आणायला मालवणात गेलेला, सासरे आबा मागच्या बाजूला झोपलेले. मी स्वयंपाकघरात एकटी. तो माणूस दारात येऊन उभा राहिला. चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, उन्हाने तोंड कोकमासारखं लाल. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. त्यातलं मला एवढंच कळलं, "व्हेरी अँग्री."

मी म्हटलं, "सॉरी सर."

त्याने पोटावर थापटी मारली आणि पुन्हा तेच. मला वाटलं, सकाळचे घावणे बाधले आणि आता हा जाब विचारायला आलाय. मी पुन्हा सॉरी म्हटलं आणि हळूच दार लोटून आतून कडी घातली. बाहेर त्याच्या बुटांचा आवाज. खळ्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी विळी जवळ ओढून बसले. आबांना हाक मारली तर तो ऐकेल, म्हणून तीही मारली नाही.

नवरा आला, त्याच्याशी बोलला आणि दारावर थाप मारून म्हणाला, "अगो, तो रागान नाय इलो. तेका भूक लागली हा. सकाळच्या घावण्यांनंतर कायेक खावक नाय तेना."

तो हंग्री होता. मी कडी काढून, मासे करून, ताट वाढेपर्यंत मात्र अँग्रीसुद्धा झाला होता.

दुसऱ्याच दिवशी मी बर्था टीचरकडे नाव घातलं. त्यांनी दोन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले, शेवटची सारखी अक्षरं गोल करून दाखवली आणि म्हणाल्या, "शेपूट एकच आहे, म्हणून तोंडाकडे बघायचं. हंग्रीला ताट द्यायचं, अँग्रीला वाट."

*

वर्गातला दुसरा विद्यार्थी बाबल. त्याची होडी आहे, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. समुद्राला भीत नाही, बायकोला थोडा भितो, इंग्रजीला फार.

एका सकाळी तो किनाऱ्यावर होडीला डांबर लावत होता. माझ्याकडेच उतरलेलं एक म्हातारं इंग्रज जोडपं पोहायला गेलेलं. म्हणजे नवरा पाण्यात आणि बाई काठावर. अचानक ती बाई दोन्ही हात वर करून ओरडायला लागली, "रिप! रिप!"

बाबलला रिप हा शब्द एकाच ठिकाणी भेटलेला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, हार घातलेल्या फोटोखाली. माणूस गेला, असंच त्याला वाटलं. पण पाण्याकडे बघतो तर म्हाताऱ्याचं डोकं लाटेवर दिसतंय, एक हात वर आहे आणि तो मागे मागे, खोल पाण्याकडे चाललाय.

बाबल रबरी ट्यूब घेऊन धावला. कुठल्या बाजूने शिरायचं ते त्याला कळतं, ते कोणी शिकवावं लागत नाही. आडव्या अंगाने जाऊन त्याने म्हाताऱ्याला ट्यूबमध्ये घातलं आणि बऱ्याच लांब, दुसऱ्याच घरासमोर, काठाला आणलं. म्हातारा वाळूत पालथा पडून खोकत होता. बाई बाबलचा हात धरून अजून तेच म्हणत होती, "रिप, रिप."

बाबल भडकला. "नो रिप, मॅडम. लिव्हिंग. सी. कफिंग."

वर्गात टीचरनी समजावलं. रिप म्हणजे फाटणं, टरकावणं. समुद्राचं पाणी जिथे लाटा फोडून माणसाला आत ओढून नेतं, त्याला ते लोक रिप करंट म्हणतात. आपण ज्याला ओढ म्हणतो तीच. बाई बरोबर ओरडत होती. मग त्यांनी त्याची भावकी लिहिली. ग्रिप म्हणजे पकड, ड्रिप म्हणजे थेंब थेंब गळणं, ट्रिप म्हणजे सहल.

बाबल फळ्याकडे बघत राहिला. "टीचर, म्हणजे ट्रिपच्या पोटात रिप आसा?"

"आहे की."

त्याच्या होडीवर मोठ्या निळ्या अक्षरांत डॉल्फिन ट्रिप असं लिहिलेलं होतं. चार दिवसांनी बघितलं तर ट्रिप खरवडून काढलेली. आता तिथे डॉल्फिन फेरी आहे.

*

जी आणि एच यांची भावकी निघाली तो दिवस वाईट गेला. लाफमध्ये त्यांचा फ होतो, हायमध्ये ती दोघंही गप्प बसतात. कोणाच्या घरी कसं वागतील सांगता येत नाही. शेवटी टीचरनी घोस्ट लिहिला, म्हणजे भूत, आणि सांगितलं की यातला एच लिहायचा, पण उच्चारायचा नाही.

बाबलने हात वर केला. "म्हणजे तो आसा, पण आवाज करणा नाय?"

"बरोबर."

"मगे भुतात तो बरोबर आसा," बाबल म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. कोणी हसलं नाही. बाबल त्या दिवशी माडांतल्या आडवाटेने न जाता रस्त्याने लांबून घरी गेला.

*

आबा, म्हणजे माझे सासरे, वर्गाला येतात ते मला सोबत म्हणून. ऐंशी पार केलेले. खुर्चीत डोळे मिटून बसतात. आम्हाला वाटतं झोपले, पण शब्द सगळे कानात जातात.

आमच्या घरामागे एक जुनं सुरंगीचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी एक दगड, तो आमच्या जागेचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला नारळ देतो, गाऱ्हाणं घालतो. बाकी दिवस त्या बाजूला कोणी उगाच जात नाही. पडलेली फांदीसुद्धा उचलत नाही.

बेंगळुरूहून एक मॅडम आल्या. जुन्या झाडांचा अभ्यास करणाऱ्या. फोटो काढत काढत त्या थेट त्या झाडाच्या मुळावर पाय देऊन उभ्या राहिल्या. आबा तिथेच पायरीवर बसलेले. त्यांचा रंगच उडाला. मॅडमनी हसून विचारलं, "इज इट सेक्रेड?"

आबांनी नुकताच वर्गात ऐकलेला शब्द काढला. "येस मॅडम. व्हेरी स्केअर्ड. आय स्केअर्ड. माय फादर स्केअर्ड."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू कमी झालं. झाड कधी कोणी तोडायला आलं नाही का, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, "वन मॅन कम. ही कट. देन ही फिनिश."

मॅडमनी मुळावरचा पाय उचलला, खाली बघितलं, आणि बूट काढून हातात घेऊन अनवाणी परत आल्या.

वर्गात मी हे सांगितलं तेव्हा टीचर हसल्या. त्यांनी दोन्ही शब्द लिहिले. अक्षरं तीच, फक्त सी आणि ए यांनी जागा बदललेली. एकाचा अर्थ पवित्र, दुसऱ्याचा घाबरलेला. आबांना म्हणाल्या, तुम्ही चुकीचा शब्द वापरलात.

आबांनी डोळे उघडले. "बाय, ह्या झाडाक आमी पवित्र म्हणान हात लावूक नाय, काय भियान लावूक नाय, ता माका अजून कळूक नाय. तुमच्या इंग्रजीन त्याचे दोन शब्द केल्यानी. आमच्याकडे एकच आसा."

टीचरनी खडू उचलला. मग त्यांनी दोन शब्दांच्या मधे बरोबरचं चिन्ह काढलं आणि पुढच्या शब्दाकडे वळल्या.

*

आता हा किस्सा बाबल स्वतः कधी सांगत नाही.

देवबागच्या टोकाला, जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे पाणी घोट्याएवढं दिसतं. पण पायाखालची वाळू सरकती. एक पाऊल चालतं, दुसरं चालतं आणि तिसऱ्याला जमीन नसते. म्हणून होडीवाल्यांनी तिथे फळी लावली होती. प्लायवूडची लाल इंग्रजी अक्षरं कापून ठोकलेली, डेंजर. पावसाळ्यात वाऱ्याने ती सगळी पडली. सीझन सुरू व्हायच्या आधी बाबलने ती वाळूतून वेचली, नवा रंग दिला आणि खिळे मारून परत लावली. नेमक्या त्याच आठवड्यात टीचरनी सारख्या अक्षरांच्या शब्दजोड्या घेतल्या होत्या. बाबलच्या डोक्यात त्यातला एक शब्द पक्का बसला होता.

मी पाहुण्यांना बाबलच्या होडीत बसवायला टोकावर गेले होते. एका गृहस्थांनी मला विचारलं, "ताई, गार्डन किती आत आहे?"

मी म्हटलं, इथे कसली गार्डन? इथे गवतही उगवत नाही.

"बोर्ड लावलाय की," ते म्हणाले आणि मागे बोट दाखवलं. मी वळून वाचलं. लाल, ताज्या रंगात, तीच सहा अक्षरं, जागा बदललेली. गार्डन.

तेवढ्यात माझी नजर पुढे गेली. त्यांची बायको लहान मुलीचा हात धरून पाण्यात चाललेली. मुलगी टाचा उंच करून समोर बघत होती. झाडं, फुलं, झोपाळा काही दिसतो का ते बघत असावी. पाणी बाईच्या पोटऱ्यांना लागलेलं. मी ओरडले, पण वारा उलटा होता. आणि मला त्या बाईचा एक खांदा खाली जाताना दिसला.

बाबल होडीतून कसा उतरला ते मला आठवत नाही. मुलीचा दंड त्याच्या हातात होता आणि बाईच्या पदराचं टोक दुसऱ्या हातात, एवढं आठवतं. दोघी काठावर आल्या. मुलगी रडलीसुद्धा नाही. बाई ओल्या वाळूत बसून राहिली आणि मुलीच्या पायांवरून हात फिरवत राहिली, पाय दोन्ही आहेत ना ते बघत असल्यासारखी.

बाबल फळीपाशी गेला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. मग नुसत्या हातांनी ती अक्षरं उपटायला लागला, खिळ्यांसकट. बोटं रक्ताळली तरी थांबला नाही.

पुढचे काही दिवस तो वर्गाला आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "टीचर, त्या फळीर आता मराठीच. पुढे मरण आसा, असा लिवतंय."

खुर्चीतून आबा बोलले, "बाबल्या, अक्षरा सुटी कापू नको हां. पडली आणि उलटीसुलटी लावलस, तर मरणाचा रमण होतला."

*

हा माझा. आजवर मी तो वर्गातही सांगितलेला नाही.

मला छातीत एक गाठ लागली होती. गोव्याला जाऊन दाखवलं. सुई घालून तपासणी केली आणि रिपोर्ट फोनवर कळवतो म्हणाले. घरात मी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, तेही अर्धवट.

फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. कोपराने बटण दाबलं. हॉस्पिटलातली मुलगी घाईत होती. रिपोर्ट बिनाईन आहे, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटून जा, एवढं म्हणाली आणि फोन ठेवला.

बिनाईन. हा शब्द मला माहीत होता. जीचा उच्चार न होणारी भावकी टीचरनी शिकवली होती त्यात तो होता. साईन, डिझाईन, फॉरेन. आणि शेवटी दोन भाऊ, बिनाईन आणि मलाईन. त्यातला एक भला, एक वाईट. एवढं मला पक्कं आठवत होतं. भला कुठला, ते मात्र आठवेना.

मोबाईलवर बघता आलं असतं. पण आपणच विचारायचं आणि आपणच एकटीने वाचायचं, तेवढा धीर होईना. बांगडे धुतले, मसाला लावला, तळले. पाहुण्यांना वाढलं. एक बाई सोलकढीची कृती विचारत होती, ती मी सांगितली. दोरीवर माझ्या मुलीच्या शाळेचा ड्रेस वाळत होता. तो काढताना वाटलं, हिला वेणी घालायला कोण शिकवेल? नवऱ्याने विचारलं कोणाचा फोन होता, मी म्हटलं बँकेवाल्यांचा.

वर्गाच्या कितीतरी आधी मी टीचरकडे पोचले. त्या अंगणात कोकमाची सोलं उन्हात घालत होत्या. मी खळ्यातूनच विचारलं, "टीचर, बिनाईन म्हणजे त्या दोघांतला कुठला?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. का विचारतेस, असं विचारलं नाही. हात पदराला पुसत जवळ आल्या, मला दंडाला धरून पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. मला वाटलं, झालं. कळलं. असे हात कोणी उगाच धरत नाही.

"बरो," त्या म्हणाल्या. टीचर वर्गात कधी मालवणी बोलत नाहीत. "बिनाईन तो बरो गो, बाय. बरो."

मी किती रडले कोण जाणे. मग मी त्यांना म्हटलं, लगेच का नाही सांगितलंत? माझा जीव गेला असता.

"चांगली बातमी उभ्याने ऐकलीस तरी पडली असतीस," त्या म्हणाल्या. "म्हणून आधी धरलं."

बाकीचे आले तेव्हा आम्ही दोघी फळा पुसत होतो. माझ्या हातांना बांगड्यांचा वास येत होता आणि टीचरच्याही.

*

आता सुलोचनाकाकू.

काकू वर्गात सगळ्यांत उशिरा आली. तिचा नवरा नाही, होमस्टे नाही, पर्यटकांशी संबंध नाही. एकुलता मुलगा प्रसाद मालवाहू जहाजावर. पहिल्याच दिवशी तिने टीचरना सांगितलं, "माका बोलूक नको शिकवा. माका फकत आयकाक येवक व्हया." प्रसादच्या कंपनीचं ऑफिस परदेशात. तिथून कधी फोन आला तर इंग्रजीत यायचा आणि काकूला त्यातलं प्रसादचं नाव तेवढं कळायचं. त्या नावाच्या मागेपुढे काय होतं, ते ऐकायला तिला इंग्रजी हवं होतं.

ती खरोखरच कधी बोलली नाही. टीचर विचारायच्या, ती मान हलवायची. आम्ही तिच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द ऐकला नव्हता.

त्या दिवशी फळ्यावर बोर्डची भावकी होती. ब्लॅकबोर्ड म्हणजे फळा. अबोर्ड म्हणजे जहाजावर असलेला. ओव्हरबोर्ड म्हणजे जहाजावरून पाण्यात पडलेला. शेवटचे दोन टीचरनी काकूसाठीच घेतले होते. बाहेर वारं उठलेलं, माडांच्या झावळ्या आपटत होत्या. काकूचा फोन वाजला. व्हॉट्सॲपवरचा कॉल, परदेशी नंबर. ती उठून खळ्याच्या कडेला गेली. आम्हाला तिची पाठ दिसत होती. ती एक कान बोटाने बंद करून ऐकत होती. मग तिने फोन कानावरून काढून बघितला, पुन्हा लावला, पुन्हा बघितला.

परत आली ती टीचरसमोर उभी राहिली. "तो बोर्ड म्हणालो," ती म्हणाली.

टीचरनी विचारलं, कुठला बोर्ड?

"आधी प्रसादाचा नाव घेतल्यान. मगे बोर्ड म्हणालो. मगे फोन गेलो."

"बोर्डच्या आधी काय म्हणाला, काकू? नीट आठव. अ म्हणाला की ओव्हर?"

काकूने फळ्याकडे बघितलं. दोन्ही शब्द तिथे खडूने लिहिलेले होते, एकाखाली एक. तिचे ओठ हलले. "ओव्हर म्हणालो," ती म्हणाली. मग म्हणाली, "अ पण म्हणालो. दोनय म्हणालो."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाबल उठून खळ्याच्या टोकाला गेला आणि समुद्राकडे बघत उभा राहिला, जसं काही ते जहाज इथून दिसणार होतं.

टीचरनी त्या नंबरावर फोन लावला. तो दुसऱ्या कॉलवर होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माझ्या मनात आलं, हा माणूस एकामागून एक घरांना फोन करतोय. काकू बसायला तयार होईना. मग मी टीचरच्या हातून फोन घेतला आणि लावत राहिले.

शेवटी तो लागला. मी स्पीकर चालू करून टीचरच्या तोंडाशी धरला. पलीकडचा आवाज तरुण होता आणि फार दमलेला. टीचर विचारत गेल्या, तो सांगत गेला. खराब हवेत जहाजावर अपघात झाला होता. एक मुलगा ओव्हरबोर्ड गेला होता, शोध चालू होता. प्रसाद अबोर्ड होता, सुखरूप होता. संध्याकाळी आईशी बोलणार होता.

टीचर काकूकडे वळल्या. "तुझो झील बोटीर आसा, सुलोचना. बरो आसा. दुसरो एक झील पाण्यात पडलो."

काकू रडली नाही. देवाचं नावही घेतलं नाही. तिने माझ्यापुढे हात केला. मला आधी कळेना काय हवंय. मग मी फोन दिला. तिने तो दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला.

"सर," ती म्हणाली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. "अदर बॉय. मदर. यू टेल?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"नॉट येट, मॅडम," तो म्हणाला. "नेक्स्ट कॉल."

काकूने डोळे मिटले.

"टेल स्लो, सर," ती म्हणाली. "टेल स्लो."